फाउंड्रीचं फिनॉलवालं पाणी आणि अल्ट्रासाउंड : कोल्हापुरातली एक केस

कोल्हापूरच्या एमआयडीसी पट्ट्यातली एक मध्यम फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, ग्रे आयर्नची कास्टिंग करणारी, पंपाच्या बॉडी, ट्रॅक्टरचे पार्ट असलं सगळं, आणि तिच्या कंपाउंडला लागूनच ऊस आणि उसात एक विहीर. विहीरवाल्या आबांची तक्रार जरा वेगळीच होती. विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकली की पाण्याला औषधाची चव येते, नाही टाकली तर एवढं काही जाणवत नाही. "पावडर टाकली की दवाखान्याचा वास मारतोय, बघा की पिऊन," असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येकजण पावडरच खराब आली असणार म्हणून सोडून द्यायचा.

पण पावडर खराब नव्हती. पाण्यात फिनॉल अगदी थोडं जरी असलं तरी क्लोरीनशी गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा वास-चव लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्याशावर सुद्धा माणसाला कळते. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फिनॉलची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम इतकी कडक ठेवलीय, आणि कारखान्यातून नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला 1 मिलिग्रॅम. या दोन आकड्यांत हजारपट फरक आहे हे ध्यानात ठेवा, कारण कारखाना नियमात बसला म्हणजे शेजारची विहीर सुरक्षित झाली असं होत नाही.

फाउंड्रीत फिनॉल कुठनं येतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला साच्यात सँडचा जो कोअर बसवतात त्यातल्या शेल कोअरला आणि बऱ्याच नो-बेक सँडला (न भाजता घट्ट होणाऱ्या) जे रेझिन, म्हणजे चिकट बाइंडर, लागतं ते फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं असतं, कोअर भाजताना आणि वितळलेलं लोखंड ओतल्यावर ते जळतं, थोडं धुरात जातं आणि थोडं सँडमध्येच राहतं. धूर धरायला या युनिटमध्ये कोअर शॉपवर वेट स्क्रबर होता, कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवून धूर धुणारा, म्हणजे फिनॉल त्या पाण्यात साठत जातं आणि दर काही दिवसांनी ते पाणी काढून टाकावं लागतं. वापरलेली सँड शेडच्या मागं उघड्यावर ढीग करून, आणि कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जून ते सप्टेंबर तो ढीग धुऊन निघतो आणि ते पाणी जिकडं उतार तिकडं. उतार विहिरीकडं होता.

मी इथं कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, मुलांचे प्रोजेक्ट पाण्यावरच असतात, त्यामुळं मालकांनी मला बोलावलं. तोपर्यंत एका पार्टीनं त्यांना अल्ट्रासाउंडचं मशीन दाखवून झालं होतं. टायटॅनियमचा प्रोब पाण्यात बुडवायचा, 20 किलोहर्ट्झचा आवाज सोडायचा, केमिकल नको, गाळ नको, बटन दाबलं की फिनॉल खलास. डेमोचा रिपोर्ट पण होता, सुरुवातीला फिनॉल इतकं, शेवटी फिनॉल आढळलं नाही. किंमत मोठी होती. मालकांचा प्रश्न सरळ होता, "सर, हे बसवलं की मिटलं काय?"

आधी हे स्पष्ट करतो की मशीनमागचं विज्ञान शंभर टक्के खरं आहे, यात बनवाबनवी काही नाही. पाण्यात जोराचा अल्ट्रासाउंड सोडला की आवाजाच्या लाटेत दाब क्षणात वाढतो क्षणात पडतो, दाब पडला की बारीक बुडबुडे तयार होतात, ते लाटेगणिक फुगत जातात आणि एका क्षणी धाडकन मिटतात. मिटताना आतली हवा आणि वाफ इतकी झटक्यात दाबली जाते की तेवढ्या बिंदूपुरतं तापमान 5000 केल्विनच्या घरात आणि दाब शेकडो वातावरणं इतका जातो, आणि बाजूचं पाणी मात्र थंडच राहतं. याला कॅव्हिटेशन म्हणतात. 1917 मध्ये लॉर्ड रॅलेनं या मिटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं, जहाजाचे पंखे पाण्यात का खराब होतात हे शोधताना. इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याही पंपवाल्याला हे गणित न शिकता ठाऊक आहे, पंपातनं खडे वाजल्यासारखा आवाज यायला लागला आणि इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, खोलल्यावर त्याला देवी आल्यासारखे खड्डे दिसले की तो म्हणतो सक्शन कमी पडतंय. तेच हे.

बुडबुड्याच्या आत एवढ्या तापमानाला पाण्याचीच वाफ फुटते आणि हायड्रोजनचा अणू अन् हायड्रॉक्सिल रॅडिकल असे दोन तुकडे होतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे पाण्यात मिळणाऱ्या सगळ्यात आडदांड ऑक्सिडायझरपैकी एक, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. आता कुठलं प्रदूषक कुठं मोडतं हे त्याच्या स्वभावावर ठरतं. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म असले उडणारे पदार्थ स्वतःच बुडबुड्यात शिरतात आणि आतल्या उष्णतेनं जळून जातात. फिनॉल तसं नाही, ते पाण्यातच राहणं पसंत करतं, त्यामुळं त्याला बुडबुड्याच्या कडेला किंवा बाहेर रॅडिकल येऊन भेटावा लागतो. म्हणून फिनॉलला फ्रिक्वेन्सी फार महत्त्वाची. पेट्रिए आणि फ्रँकोनी यांचं 1997 चं काम आहे, त्यांनी 20, 200, 500 आणि 800 किलोहर्ट्झ ताडून बघितले तर फिनॉल सगळ्यात वेगानं 200 ला मोडलं, आणि कार्बन टेट्राक्लोराइड मात्र फ्रिक्वेन्सी वाढेल तसं जास्त मोडत गेलं. 20 किलोहर्ट्झला बुडबुडे मोठे आणि ताकदवान असतात, धातूवरचा मळ काढायला उत्तम, पण तयार झालेले रॅडिकल बाहेर पडायच्या आधी आतल्या आत पुन्हा जुळून जातात. म्हणजे मालकांना दाखवलेलं मशीन हे मुळात साफसफाईच्या फ्रिक्वेन्सीचं होतं, फिनॉल मोडायच्या फ्रिक्वेन्सीचं नाही.

नुसतं बोलून मालकांना पटणार नव्हतं म्हणून गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या सराफाकडनं दागिने धुवायचा अल्ट्रासॉनिक बाथ आणला, 40 किलोहर्ट्झचा, 120 वॉटचा, तीन लिटर पाण्याचा. त्यात पहिल्यांदा घरातला अॅल्युमिनियम फॉइल उभा लटकवला. मिनिटाभरात फॉइलला आडव्या पट्ट्यांत बारीक बारीक भोकं पडली, पट्टी, मग कोरी जागा, मग परत पट्टी, साधारण दोन-दोन सेंटीमीटरवर. का, तर पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो, भागिले 40000, म्हणजे लाट 3.7 सेंटीमीटरची, आणि जोर लाटेच्या अर्ध्या-अर्ध्या अंतरावर एकवटतो. मालक ते फॉइल उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. त्यांच्या लगेच लक्षात आलं की पट्टीतलं पाणी मार खातंय आणि मधलं पाणी नुसतं उभं आहे, म्हणजे बाथ मोठा केला की सगळीकडं सारखं काम होईलच असं नाही. तीन लिटरवरनं तीन हजार लिटरवर उडी मारताना अशी मशीनं बहुतेक इथंच मार खातात.

मग विजेचा हिशोब. 120 वॉट, तीन लिटर, एक तास चालवलं तर 0.12 युनिट, म्हणजे हजार लिटरला तासाला 40 युनिट. फिनॉलला एक तास पुरत नाही, तीन तास धरा, 120 युनिट. युनिटला 9 रुपये धरले तर हजार लिटर पाण्याला 1080 रुपये नुसत्या विजेचे. आणि ही वीज जाते कुठं, तर जवळजवळ सगळी पाणी तापवण्यात. तेवढ्या विजेची सगळी उष्णता तीन लिटरमध्येच राहिली तर तासात पाणी 34 अंशांनी चढेल, प्रत्यक्षात थोडी बाहेर निघून जाते पण बाथमध्ये बोट घातलं की गरम लागतंच. आणि पाणी तापलं की बुडबुड्यात वाफ जास्त शिरते, ती गादीसारखी आड येते, मिटण्याचा जोर कमी होतो आणि फिनॉल मोडायचा वेग अजून घसरतो. म्हणजे कूलिंग लावा, म्हणजे अजून वीज.

बरं, हे झालं स्वच्छ पाण्यातलं. खरं स्क्रबरचं पाणी घेतलं तर गोष्ट अजून बिघडते आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. स्क्रबरमध्ये कॉस्टिक, त्यामुळं पीएच 10 च्या वर. एवढ्या पीएचला फिनॉलचं फिनोलेट होतं, ते विद्युतभारित असतं आणि बुडबुड्याच्या कडेला यायला अजूनच नाखूष. शिवाय कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत राहतं, त्याचा कार्बोनेट होतो, आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलला खाऊन टाकतो. आपण वीज जाळून रॅडिकल बनवायचे आणि ते फिनॉलपर्यंत पोचायच्या आधी कार्बोनेटनं गिळायचे. वर बारीक सँड आणि कोळशाची भुकटी, ती प्रोबचं टोक घासून घासून खाते. डेमोला जे पाणी वापरलं होतं ते कुठलं, असं विचारल्यावर कळलं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये फिनॉल टाकून केलं होतं. त्या पाण्यात कार्बोनेट नाही, सँड नाही, पीएच सरळ. ते पाणी आपल्या कुठल्याच फाउंड्रीत नाही.

आता रिपोर्टमधल्या "फिनॉल आढळलं नाही" या ओळीकडं येऊ. आम्ही बाथमध्ये फिनॉलचं पाणी हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून तासन्‌तास चालवलं तर आधी जे पाणी काचेसारखं होतं ते हळूहळू पिवळट, मग चहाच्या रंगाचं झालं. मालक म्हणाले घाण झालं की हो. घाणच झालं. फिनॉलच्या रिंगवर, म्हणजे कार्बनच्या कड्यावर, रॅडिकल बसला की आधी कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन होतात, मग बेंझोक्विनोन, तो रंग त्यांचा. त्यानंतर कधीतरी रिंग फुटते आणि मॅलेइक, ऑक्झॅलिक, फॉर्मिक अशी साधी अॅसिड होतात, आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मधल्या पायरीवरचे हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन हे माशांना आणि पाण्यातल्या जिवांना मूळ फिनॉलपेक्षा कितीतरी जास्त विषारी आहेत. आणि फिनॉल मोजायची जी नेहमीची टेस्ट आहे, 4-अमिनोअँटिपायरिनवाली, तिला सगळी फिनॉलची भावंडं सारखी दिसत नाहीत, काही तर जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे असं होऊ शकतं की रिपोर्टवर फिनॉल शून्य, पाणी चहाच्या रंगाचं, आणि नाल्यात गेल्यावर आधीपेक्षा वाईट. अर्धवट मोडलेलं प्रदूषक हे न मोडलेल्यापेक्षा घातक असू शकतं, आणि पंचगंगेत आधीच काय काय जातंय हे बघितलेल्या माणसानं तरी असला रिपोर्ट बघून गप्प बसू नये. फिनॉलच्या शेजारी सीओडीचा (पाण्यातलं सगळं जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा) आकडा मागायचा, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मिळाला तर उत्तम, आणि दोन्ही खाली आल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. सीओडी करताना एक गोष्ट बघायची, पाण्यात पेरॉक्साइड उरलं असेल तर टेस्टमधलं डायक्रोमेट त्यालाही ऑक्सिडाइज करतं आणि आकडा उगाच फुगतो, ते आधी घालवूनच टेस्ट लावायची.

मशीन घेऊ नका म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण विहिरीचं काय? आणि बुडबुड्याची ताकद खरी आहेच, प्रश्न फक्त ती स्वस्तात कशी मिळवायची एवढाच. इथं मुंबईच्या आयसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेमधलं, पूर्वीच्या यूडीसीटीमधलं, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांचं काम कामाला आलं. त्यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय की बुडबुडे तयार करायला आवाजच लागतो असं नाही, पाणी पंपानं दाबून बारीक भोकातनं सोडलं तरी भोकाच्या पुढं दाब पडतो आणि कॅव्हिटेशन होतं, आणि विजेच्या मानानं ते कितीतरी परवडतं. याला हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन म्हणतात. पंपवाला ज्याला आजार म्हणतो ते आपण मुद्दाम एका प्लेटच्या मागं घडवून आणायचं.

हिशोब असा बसवला. भोकातनं पाणी साधारण सेकंदाला 14 मीटरच्या वर गेलं की, पुढं उघडा वातावरणाचा दाब असेल तर, बुडबुडे यायला लागतात. आम्ही 20 धरले. दोन मिलिमीटरच्या एका भोकातनं त्या वेगानं मिनिटाला पावणेचार लिटर, 16 भोकं केली की 60 लिटर. चार बारच्या आसपास दाब, एक एचपीचा पंप पुरतो. 500 लिटरची टाकी दोन तास फिरवली तर दीड युनिट, म्हणजे हजार लिटरला तीन युनिट. वरचे 120 आठवा. प्लेट उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये स्टेनलेसची करून घेतली, कारागिरानं भोकांच्या कडा धारदारच ठेवायच्या का गोल करायच्या एवढंच विचारलं आणि धारदार म्हटल्यावर काम संपवून दिलं. टाकी प्लॅस्टिकची, पंप 316 स्टेनलेसचा, कारण पुढं अॅसिड येतंय.

नुसत्या बुडबुड्यांनी फिनॉल हळू मोडतं, म्हणून त्याला फेंटनची जोड दिली, लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, 1894 पासून माहीत असलेली रिअॅक्शन. लोखंड फाउंड्रीत विकत आणायला लागतं काय? मशीन शॉपमधनं सीआय बोरिंगचा, म्हणजे कास्ट आयर्नच्या किसाचा, ढीग रोज निघतो, आणि कास्ट आयर्न बहुतेक सुकंच मशीन करतात त्यामुळं बोरिंगला तेलही नसतं. ते जाळीच्या पिशवीत घालून टाकीत लटकवलं. पीएच 3 ला आणायचा, सल्फ्युरिक अॅसिडनं. आणि इथं एका दगडात दोन पक्षी मरतात, कारण पीएच खाली आला की तो त्रासदायक कार्बोनेट फसफसून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, फिनोलेटचं परत फिनॉल होतं, आणि फेंटनला पण हाच पीएच हवा असतो. फक्त फेस पूर्ण बसू द्यायचा आणि मगच पंप लावायचा, बुडबुड्यात कार्बन डायऑक्साइड भरला की जोर राहत नाही. आधी गाळ बसवून वरचं पाणी फिल्टरमधनं घ्यायचं, नाहीतर दोन मिलिमीटरची भोकं सँडनं बंद होतात.

पेरॉक्साइड किती, हा अंदाजाचा विषय नाही. एका फिनॉलच्या रेणूला पूर्ण जाळायला पेरॉक्साइडचे 14 रेणू लागतात, वजनात म्हणजे 94 ग्रॅमला 476, साधारण पाचपट. हिशोबासाठी लिटरला 50 मिलिग्रॅम फिनॉल धरा, 500 लिटरमध्ये 25 ग्रॅम, त्याला सव्वाशे ग्रॅमच्या वर पेरॉक्साइड, 50 टक्क्यांचं असेल तर पाव किलो. फॉर्मल्डिहाइड आणि बाकीचं पण खातं म्हणून थोडं वर. एकदम ओतायचं नाही, टप्प्याटप्प्यानं, कारण जास्तीचं पेरॉक्साइड स्वतःच रॅडिकल खातं.

चालू केल्यावर पाणी झपाट्यानं काळपट तपकिरी झालं, ऑपरेटर घाबरून बंद करायला निघाला होता, त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की या रंगाला थांबायचं नाही, हा रंग जाईपर्यंत चालवायचं. रंग उतरत उतरत फिक्कट लोखंडी पिवळा झाला. मग चुना टाकून पीएच वर घेतला, गंजाचा गाळ बसला, वरचं पाणी नितळ. फिनॉल 1 मिलिग्रॅमच्या खाली आलं, सीओडी पण खाली आला, शून्य नाही झाला कारण ती साधी अॅसिड उरतात, पण ती जिवाणू आवडीनं खातात, म्हणून हे पाणी पुढं कँटीनच्या सांडपाण्याच्या बायोलॉजिकल टाकीत घेतलं.

बुडबुड्यांचं श्रेय यात किती, तेही तपासलं. तीच टाकी, तेच बोरिंग, तेवढंच पेरॉक्साइड, फक्त प्लेट काढून पाणी नुसतं फिरवलं. फिनॉल तरी मोडलं, पण सावकाश, आणि बोरिंगवर गंजाचा थर चढून दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला ते मंदावलं. प्लेट असताना बोरिंगचा पृष्ठभाग घासून उघडा राहत होता. म्हणजे मुख्य मोडतोड फेंटनची, आणि कॅव्हिटेशन त्याला वेग आणि सातत्य देतं. हे स्पष्ट सांगणं गरजेचं वाटतं कारण उद्या कुणीतरी ही प्लेट एकटीच जादूची म्हणून विकायला काढेल. अल्ट्रासाउंड निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही, थोडं पाणी, चिवट प्रदूषक आणि दुसरा उपाय नाही अशा ठिकाणी त्याची जागा आहे. पीएफओए, पीएफओएस सारखी फ्लोरिनची रसायनं, ज्यांच्यापुढं हायड्रॉक्सिल रॅडिकल पण हात टेकतो, ती साबणासारखी बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसतात आणि तिथल्या उष्णतेनं मोडतात, तिथं शेकडो किलोहर्ट्झचा अल्ट्रासाउंड खरंच कामाचा आहे. स्क्रबरच्या पाण्याला तो परवडत नाही, एवढंच.

आणि आता विहीर. विहिरीला खरा फरक पडला तो या टाकीनं नाही, सँडच्या ढिगाचा बंदोबस्त केल्यामुळं. मालकांनी ढीग पत्र्याच्या शेडखाली घेतला, खाली काँक्रीट, चारी बाजूनं गटर, आणि गटराचं पाणी त्याच 500 लिटरच्या टाकीकडं. यात केमिस्ट्री शून्य आहे आणि खर्चातला मोठा वाटा पण हाच आहे. पण जमिनीत आधी मुरलेलं फिनॉल लगेच जात नाही, त्यामुळं आबांना तोपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडनं द्यायचं मालकांनी मान्य केलंय, आणि विहिरीचा नमुना पावसाआधी आणि पावसानंतर दोन्ही वेळा लॅबला जातो, टीसीएल टाकायच्या आधीचा. जुलैत धो धो लागला की गटराला येणारं पाणी टाकीला झेपत नाही, त्यासाठी साठवण वाढवायचं काम अजून राहिलंय, आणि चुन्याचा जो लोखंडी गाळ निघतो तो मागच्या उतारावर टाकायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून त्याची पोती आत शेडमध्येच मोजून ठेवायची पद्धत लावलीय, घातक कचरा म्हणून तो अधिकृत ठिकाणीच जातो.